लग्नाआधी आणि लग्नानंतर: सरकारी समुपदेशनाबद्दल मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या ओट्यावर, कोर्टाच्या आवारात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथं घेतले आहेत. काही उत्तरांत आमचं मतही आहे. ते मत म्हणूनच वाचावं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सरकार लग्नाला अनुदान देतं आणि मोडायला आलेल्या संसाराला कोर्ट देतं. मधल्या काळासाठी जे काही आहे ते चार-पाच खात्यांत विखुरलेलं आहे, आणि ते मागायला लोक येतात तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

लग्नाचं शिक्षण देणारी सरकारची एखादी योजना आहे का?

त्या नावाची पाटी शोधत फिराल तर सापडणार नाही. काम मात्र होतं, वेगवेगळ्या दारांतून. महिला व बालविकास विभागाकडं सखी वन स्टॉप सेंटर (अडचणीतल्या बायकांना एकाच जागी मदत) आणि संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसेच्या प्रकरणात बाईला मदत करणारे) आहेत. पोलिसांकडं भरोसा सेल (घरगुती वादात दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा कक्ष) आणि महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आहे. न्यायव्यवस्थेकडं कुटुंब न्यायालयाचे समुपदेशक आणि मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आरोग्य खात्याकडं किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि गावातली आशाताई.

यातलं फारसं नवं नाही. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळानं १९८३ पासून स्वयंसेवी संस्थांना पैसे देऊन कुटुंब सल्ला केंद्रं चालवली. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये विशेष कक्ष सुरू केला. पुढं राज्य सरकारनं तो आपल्या खर्चानं जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. कुटुंब न्यायालय कायदाही १९८४ चाच. चाळीस वर्षं झाली, तरी गावात विचारलं तर “ते पोलीस ठाण्याचं काहीतरी असतंय” एवढंच उत्तर मिळतं.

भांडण झाल्यावरच जायचं असतं ना? लग्नाआधी जाऊन काय करायचं?

आजवर बहुतेक व्यवस्था भांडणानंतरचीच होती, हे खरं आहे. राष्ट्रीय महिला आयोगानं २०२५ मध्ये ‘तेरे मेरे सपने’ या नावानं विवाहपूर्व संवाद केंद्रं सुरू केली. आयोगाच्या अध्यक्ष विजया रहाटकर या संभाजीनगरच्या माजी महापौर, त्यामुळं आपल्या भागात त्याची चर्चा जरा जास्त झाली. तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र आहे का, ते सखी सेंटरमध्ये किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. नसलं तरी तिथले समुपदेशक साखरपुडा झालेल्या जोडप्याशी बोलायला नाही म्हणत नाहीत. फक्त तसं विचारायला कुणी येत नाही.

काय करायचं, ते सांगतो. दोघांना एकेक कोरा कागद द्यायचा आणि वेगवेगळं बसवायचं. प्रश्न साधे असतात: लग्नानंतर पहिल्या वर्षी तुम्ही कुठं राहणार? घरात कोण कोण असेल? पगार किंवा शेतमालाचे पैसे कुणाच्या हातात जातील? तिचं शिक्षण पुढं चालेल का? पहिलं लेकरू कधी? माहेरी दिवाळीला, पंचमीला कोण नेऊन सोडणार? मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. मुलगा चाकणला कंपनीत आहे, मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलीनं लिहिलेलं असतं ‘पुण्याला, दोघंच’. मुलानं लिहिलेलं असतं ‘पहिलं एक वर्ष गावी, आई एकटी पडते, मी शनिवार-रविवार येईन’. दोघंही खोटं बोलत नसतात. मध्यस्थानं मुलीकडच्यांना एक सांगितलेलं असतं आणि मुलाच्या आईला दुसरं. हा फरक आज कळला तर दोन घरं बसून काहीतरी ठरवतात. लग्नानंतर आठ महिन्यांनी कळला तर त्याला ‘फसवणूक’ असं नाव पडतं आणि कागद पोलीस ठाण्यात जातो.

दुसरा कागद खर्चाचा. बी-बियाणं, दुकानाची उधारी, बचत गटाचा हप्ता, फायनान्सवर घेतलेल्या गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचं उरलेलं देणं. घरावर कर्ज किती आहे हे नवरीला लग्नाआधी सांगितल्याचं आम्ही फार क्वचित पाहिलं आहे.

सोयरीक थोरल्यांनी ठरवली. पोरापोरीनं वेगळं बोलायची गरज काय?

संसार थोरले करणार नाहीत, एवढीच. थोरल्यांना बाहेर ठेवा असं कुणी म्हणत नाही. पण बैठकीत मानपान, पोषाख, सोनं, गाडी यावर तीन तास बोलणं होतं आणि जे दोघं एका खोलीत राहणार त्यांना दहा मिनिटं चहा द्यायला पाठवलं जातं. देण्याघेण्यावरून आठवलं: हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्याला ‘हौसेनं दिलं’ म्हटलं तरी.

लग्नाआधी रक्त तपासावं का? मुलाकडचे अपमान समजतील.

तपासावं, आणि दोघांचं तपासावं; मग अपमानाचा प्रश्न उरत नाही. एचआयव्हीची तपासणी आणि त्याआधीचं-नंतरचं समुपदेशन सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होतं, आणि २०१७ च्या कायद्यानुसार निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. किनवट, माहूर भागातल्या आदिवासी कुटुंबांनी सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी चुकवू नये. दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण लेकराला देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न करू नका असं डॉक्टर सांगत नाहीत. माहिती घेऊन निर्णय घ्या, गरोदरपणात लवकर तपासणीला या, असं सांगतात. कुंडलीतले गुण जुळवायला गुरुजींकडं जातो तसं एकदा सरकारी प्रयोगशाळेत जाऊन यावं.

मुलीला १८ पूर्ण व्हायला पाच-सहा महिने कमी आहेत. समुपदेशन करून घेतलं तर लग्न चालेल का?

नाही. मुलीला १८ आणि मुलाला २१, यात कुठलंही शिबिर सूट देत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, होऊ देणाऱ्यालाही लागू होतो. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या लेकरांच्या मदत क्रमांकावर फोन केला तर नाव सांगावं लागत नाही.

हा प्रश्न आपल्याकडं इतका का येतो, ते मात्र नीट बोलायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. परभणीत हा आकडा ४८ च्या घरात आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास होता. मुलींना लग्नाचं वय माहीत नाही म्हणून हे होत नाही. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेलं असतं. बीड, धाराशिव, जालन्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एकटा पोरगा अर्धा कोयता ठरतो. आई-बाप सहा महिने फडावर, गावात वयात आलेली पोर आजीजवळ, शाळा दहावीला संपलेली, पुढचं कॉलेज तालुक्याला आणि एसटीची वेळ जुळत नाही. अशा घराला ‘मुलीचं लग्न उशिरा करा’ असं भाषण देऊन उपयोग नसतो. वसतिगृहात जागा, बारावीपर्यंतची सोय, उचलीच्या हिशेबात मुकादमाशी बोलणं, हे समुपदेशकानं केलं तर लग्न पुढं ढकललं जातं. आमच्या मते विवाह शिक्षणाचा निम्मा पैसा इथं लागायला हवा.

लग्न आधीच झालेलं असेल तर? मुलीला सज्ञान झाल्यावर २ वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं. ती नांदायची म्हणत असेल तर निदान पहिलं बाळंतपण लांबवणं, शिक्षण पुढं चालू ठेवणं आणि आशाताईशी गाठ घालून देणं, एवढं लगेच होऊ शकतं.

आम्ही हंगामाला जातो. सत्राला कधी येणार?

साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. खात्यांची शिबिरं मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत लागतात, म्हणजे नेमकी टोळ्या फडावर असताना. ही अडचण तुमची नाही, वेळापत्रकाची आहे. पाऊस पडल्यापासून पोळ्यापर्यंत टोळ्या गावात असतात आणि उचलीची बोलणी त्याच दिवसांत चालतात. ग्रामपंचायतीनं ठराव करून तेव्हाचं शिबिर मागावं.

फडावर असताना त्रास झाला तर गावी परत येईपर्यंत थांबायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज करता येतो, मग ते सांगलीचं कोप (तोडणीवाल्यांची झोपडी) असो की कर्नाटकातलं.

सामूहिक विवाहाचं अनुदान घ्यायचं तर वर्ग करावा लागतो का?

नाही, तशी अट नाही. शुभमंगल सामूहिक नोंदणीकृत विवाह योजनेत शेतकरी-शेतमजूर कुटुंबातल्या वधूच्या पालकांना अनुदान मिळतं. ते १० हजार होतं, २०२४ च्या अर्थसंकल्पात २५ हजार करण्यात आलं. मांडवात न जाता थेट नोंदणी करून लग्न करणाऱ्यांनाही ते मागता येतं. अनुसूचित जाती आणि भटक्या-विमुक्त समाजासाठी कन्यादान योजना वेगळी आहे. ती समाजकल्याणकडं विचारावी.

अट नाही, पण असायला हवी होती असं आम्हाला वाटतं. पन्नास जोडपी, दोन्हीकडचे आई-बाप, सगळे एका मैदानात येतात. सत्काराचे हार आणि पाहुण्यांची भाषणं दोन तास चालतात. त्यातला एक तास आदल्या दिवशी जोडप्यांसाठी काढला तर कुणाचं काही बिघडत नाही.

समुपदेशन केंद्रात गेल्यावर प्रत्यक्षात होतं काय?

आधी एकाचं ऐकून घेतात. ते लिहून घेतात, अर्जावर सही किंवा अंगठा होतो. मग दुसऱ्या बाजूला पत्र किंवा फोन जातो. ते आले की त्यांचंही वेगळं ऐकतात. एकत्र बसवणं नंतर, तेही दोघांची तयारी असेल आणि धोका नसेल तर. अनुभवी समुपदेशक पहिल्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवतच नाहीत. बरोबर आलेल्या मामा, चुलते, सरपंच मंडळींना बाहेरच्या बाकावर बसवतात, आणि मंडळींना ते आवडत नाही.

दोन-चार बैठकांत काही ठरलं तर ते लेखी होतं. चांगल्या तडजोडीच्या कागदात ‘इथून पुढं गुण्यागोविंदानं नांदतील’ असलं वाक्य कमी आणि नेमकं जास्त असतं: दरमहा घरखर्चाला किती रुपये कोण देणार, दारू पिऊन घरी आला तर ती कुठं जाणार, लेकराची फी कोण भरणार, पुढची तारीख कोणती. पुढच्या तारखेला जायला विसरू नका. तिथंच कळतं की कागद पाळला गेला की नाही.

मला परत नांदायलाच पाठवतील ना? मग कशाला जायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. समुपदेशकाचं काम तुम्हाला परत पाठवणं नाही. तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट करणं, त्याचे मार्ग सांगणं आणि निवडलेल्या मार्गावर मदत करणं, हे त्यांचं काम आहे. राहायचं असेल तर कुठल्या अटींवर, वेगळं व्हायचं असेल तर पोटगी, लेकरं आणि सामान यांचं काय, हे सगळं त्यात येतं.

सगळीकडं असंच होतं असं मात्र नाही. ‘पोरीच्या जातीनं एवढं सोसायचंच असतं’, ‘लेकराकडं बघून जा’ असं सांगणारी माणसं सरकारी खुर्चीतही बसलेली असतात. ‘इतक्या प्रकरणांत समेट झाला’ असा आकडा वर पाठवायचा असला की हा दाब वाढतो. असं कुणी बोललं तर थेट सांगा, “मला समेट नको, मला संरक्षण आदेशासाठी अर्ज करायचा आहे.” २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमचा घटना अहवाल भरून देतात आणि तो दंडाधिकाऱ्यांपुढं जातो. या कायद्यात घरात राहण्याचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. आधी समुपदेशन केलं नाही म्हणून हा अर्ज नाकारता येत नाही. दंडाधिकारी वाटलं तर समुपदेशन सांगू शकतात, पण तो त्यांचा निर्णय; पोलीस पाटलाचा नाही.

मारहाण होत असेल, जीवे मारायची धमकी असेल, तर एकत्र बैठकीला हो म्हणू नका. आधी जागा बदला. सखी सेंटरमध्ये ५ दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो, लेकरासह. पुढची सोय महिला वसतिगृहात लावून देतात.

पोलीस म्हणतात आधी भरोसा सेलला जा, मग गुन्हा. हे बरोबर आहे का?

नवरा-बायकोच्या वादात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानं (२०१३) पोलिसांना दिली आहे. मुभा आहे, महिनोन्महिने फिरवत ठेवायची सोय नाही. जखमा असतील, जाळण्याचा प्रयत्न झाला असेल तर तो घरगुती वाद राहत नाही. पूर्वीचं कलम ४९८-अ (नवरा-सासरच्यांकडून छळ) आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ असं आहे. जुना नंबर सांगितला तरी कळतं.

पंचांसमोर बाँडवर सोडचिठ्ठी झाली आहे. आता दुसरं लग्न करायला हरकत नाही ना?

हरकत आहे, आणि मोठी आहे. नोटरीचा शिक्का असो की गावातल्या पाच माणसांच्या सह्या, कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय हिंदू विवाह संपत नाही. काही समाजांत कायद्यानं मान्य केलेली जुनी फारकतीची रूढी असते. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते आणि बाँडपेपर त्याचा पुरावा होईलच असं नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न झालं तर दुसऱ्या बायकोला ना धड हक्क, ना पहिलीची पोटगी सुटते.

दोघांचीही तयारी असेल तर परस्पर संमतीचा घटस्फोट हा सरळ रस्ता आहे. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतरची ६ महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. कुटुंब न्यायालय नसलेल्या जिल्ह्यात हे काम दिवाणी न्यायालयात चालतं.

जातपंचायत बसली आणि ‘तिच्याशी रोटीबेटी बंद’ असा निवाडा दिला, तर तो राज्याच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तंटामुक्ती समितीकडं जावं का?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा काही गावांत तिनं बरं काम केलं. बांधाचा वाद, पाण्याच्या पाळीचा वाद यासाठी समिती ठीक. नवरा-बायकोच्या आतल्या गोष्टी तीस माणसांपुढं पारावर काढू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माझी बायको माहेरी बसली आहे. पुरुषाला कुणी विचारतं का तिथं?

विचारतात. कुटुंब न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थी केंद्रात नवराही अर्ज करू शकतो, आणि भरोसा सेलमध्येही पुरुषांचं ऐकून घेतात. सखी सेंटर आणि १८१ हा मदतीचा फोन मात्र बायकांसाठीच आहेत. पुरुषांचा अनुभव असा की पहिली बैठक रागात जाते. ‘तिच्या आईनं बिघडवलं’ यावर पाऊण तास. दुसऱ्या बैठकीत खरं निघतं: कापसाचा भाव पडला, खासगी सावकाराचं देणं, झोप येत नाही, घरात कुणाशी बोलणं नाही. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत आरोग्य खात्यानं २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्प याच कारणानं चालवला, आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नैराश्याची विचारपूस करावी म्हणून. घरातली चिडचिड आणि डोक्यावरचं कर्ज वेगळं काढता येत नाही. ते कारण आहे, मारहाणीला सबब नाही.

सासूला बरोबर न्यावं का?

पहिल्यांदा नको. नंतर, समुपदेशकानं बोलावलं तर जरूर. कितीतरी घरांत नवरा-बायकोचं जमतं. अडतं ते चूल, चावी आणि मुलाचा पगार यावर. सासूला भीती असते की मुलगा गेला तर म्हातारपणी बघणार कोण. ती भीती तिच्या तोंडून बाहेर आली की निम्मं भांडण निवळतं. ‘सासू विरुद्ध सून’ एवढंच बघणारा समुपदेशक तिथवर पोचत नाही.

नवरा दारू सोडत नाही. समुपदेशनानं सुटेल?

नुसत्या समजावण्यानं नाही. दारूचं व्यसन हा उपचाराचा भाग आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात औषधं मिळतात आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, त्यामुळं शपथ आणि अंगारे-धुपारे यांच्या भरवशावर घरी बांधून ठेवू नका.

आम्ही मुस्लिम आहोत. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

हो. कुटुंब न्यायालय, कौटुंबिक हिंसाचार कायदा, सखी सेंटर, विधी सेवा सगळ्या धर्मांना सारखे. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दबातल आणि गुन्हा आहे. खुला (बायकोनं मागितलेली फारकत), मेहर (नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम), इद्दत (फारकतीनंतरचा थांबायचा काळ) हे विषय समजणारा वकील हवा असं विधी सेवा प्राधिकरणाला सांगता येतं.

घरच्यांविरुद्ध, दुसऱ्या जातीत लग्न केलं आहे. आम्हाला समुपदेशन हवंय की संरक्षण?

आधी संरक्षण. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित घराची सोय करायला सांगितलं आहे. पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या, वयाचे पुरावे आणि लग्नाचा दाखला जवळ ठेवा. आई-बापांशी बोलणं महिन्या-दोन महिन्यांनी, तिसऱ्या माणसाच्या मार्फत. ‘फक्त एकदा घरी येऊन जा’ या निरोपावर एकटीनं जाऊ नका.

अमेरिकेत सरकार लग्नाचे वर्ग घेतं म्हणे. त्याचा काही उपयोग झाला का?

घेतं. ओक्लाहोमा राज्यानं १९९९ मध्ये गरिबांच्या कल्याण निधीतून पैसे काढून सुरुवात केली. २००६ पासून केंद्र सरकारनं दरवर्षी १५ कोटी डॉलर या कामासाठी आणि वडिलांच्या जबाबदारीच्या कार्यक्रमांसाठी ठेवले. मग त्यांनी एक चांगलं केलं: हजारो जोडप्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि वर्ग केलेल्यांची न केलेल्यांशी तुलना केली. लग्न न झालेल्या, मूल होऊ घातलेल्या गरीब जोडप्यांच्या कार्यक्रमात ३ वर्षांनी एकत्र राहण्यात काही फरक दिसला नाही. लग्न झालेल्यांच्या कार्यक्रमात नात्याचा दर्जा थोडा सुधारला, पण लग्न टिकण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं.

तिकडचं तसंच्या तसं इकडं लागू होत नाही. तिथं एकत्र कुटुंब नाही, ठरवून केलेली लग्नं नाहीत. पण वर्ग भरवला की संसार टिकला, असा हिशेब कुणी मांडत असेल तर त्याला हे निकाल दाखवावेत. चांगलं बोलायला शिकवून भाडं भरलं जात नाही. आपल्याकडं तर शिबिरांना किती माणसं बसली, याच्या फोटोपलीकडं मोजणी होत नाही.

गावात कळलं तर? आमचं नाव बाहेर जाईल का?

कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकापुढं बोललेलं गोपनीय धरतात. सखी सेंटर आणि भरोसा सेलमध्येही नाव बाहेर काढायचं नसतं. धोका असतो तो बाहेरच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटण्याचा. म्हणून काही बायका तालुका सोडून जिल्ह्याला जातात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर आहे. एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दिवस जातो आणि रोजही बुडतो. अशांनी पहिलं बोलणं फोनवर उरकावं.

खर्च किती, कागद कोणते, फोन कुठं?

समुपदेशनाचे पैसे नाहीत. वकिलाचेही नाहीत: बायका आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याप्रमाणं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. बायकांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८, जिवाला धोका असेल तर ११२.

आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, लेकरांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद असतील तेवढे न्या. काहीच नसेल तर तसंच जा, कागद नाहीत म्हणून ऐकून घ्यायचं टाळता येत नाही. लग्नाची नोंद राहिली असेल तर ती ग्रामपंचायतीत अजूनही करता येते.

फोन उचलला नाही, साहेब दौऱ्यावर आहेत. मग?

असं होतं. कंत्राटी जागा रिकाम्या असतात, एका संरक्षण अधिकाऱ्याकडं दोन तालुके असतात. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक आवक कक्षात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘उद्या या’ हे तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तीच पोच जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि राज्य महिला आयोगाकडं पाठवा. आयोग अधूनमधून जिल्ह्यात येऊन सुनावणी घेतो. त्या दिवशी पोचपावतीची प्रत बरोबर असलेल्या बाईचं म्हणणं वेगळ्या गांभीर्यानं ऐकलं जातं.